खिडकीतून धरलेली जागा

रविवार, रात्र. लातूर.

नांदेडहून, माहेरून परतताना स्टँडवर ही गर्दी. धाकटा कडेवर झोपलेला, हातात पिशवी. मग सगळे करतात तेच केलं. पाच वर्षांच्या मनूला एसटीच्या खिडकीतून आत सोडलं. "दोन्ही हात सीटवर पसरून बस. कुणी बी आलं तरी सरकायचं न्हाई."

मी रेटारेटीतून आत पोचले, तर एक म्हातारी तिला विनवत होती, "सरक की गं माय, गुडघे लई दुखून राहिले."

मनूचे हात तसेच पसरलेले. "न्हाई. माझ्या आईची जागा हाय."

आणि मी काय केलं? "शाबास" म्हणाले आणि बसले. तेही म्हातारीच्या देखत.

मनूला पुढ्यात उभं केलं असतं तर म्हातारी मावली असती. हे आत्ता सुचतंय. लोह्यापर्यंत ती दांडा धरून उभी होती. उतरताना मनूच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

घरी आल्यावर सांगितलं, तर हे म्हणाले, "आपली कार असती तर ही वेळच आली नसती." खरंय? कारमधून ती म्हातारी दिसलीच नसती, एवढंच.

मघाशी जेवणाच्या वेळी मी पोळ्या लाटत होते. सासूबाई गुडघे धरत चटईवर बसायला लागल्या, तर मनूनं झटकन दोन्ही हात पसरले.

"आजी, इथं न्हाई. आईची जागा हाय."

आणि माझ्याकडं बघत राहिली. शाबासकीसाठी.