तिसऱ्या देवळातली घंटा

प्रिय बॉबिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता कपाटावर टाकणार, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षं आपण दोघींनी मिळून शिवणवर्ग चालवला. तू गोल गोल फिरायचीस म्हणून मुलींनी तुला बॉबिन म्हटलं आणि माझी जीभ चालायची म्हणून मला कात्री. तेव्हा तुझा राग कसा असतो, हे मला कुणी शिकवायला नको. तू भांडत नाहीस, रागाची वस्तू उचलून उंच ठेवून देतेस. तर निदान धूळ झटकायला कपाटावर हात जाईल तेव्हा तरी वाच. घाई नाही. खरं तर आहे, पण ते शेवटी सांगते.

आठ महिन्यांपूर्वी भावजी गेले. ते सांगायला तू फोन केलास आणि मी हसले. नुसती हसले नाही, वर म्हणाले, "सुटलीस बाई एकदाची." हे वाक्य मी आजवर कुणाजवळ उच्चारलेलं नाही. तू फोन ठेवलास तो कायमचा, आणि त्यात तुझं काडीचंही चुकलं नाही. आता यावर मी तुला वर्गाच्या सहलीची गोष्ट सांगणार आहे. हिला काही लाज आहे का, असं म्हणशील. म्हण. पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, म्हणून जरा दम धर.

यंदा सहल तळ्यावर ठरली होती. वीस मुली, मी आणि माझी सून. दोन वर्षांपूर्वी तू आणि भावजी लेकीच्या गावी राहायला गेलात, तेव्हापासून वर्गात तुझ्या मशीनवर तीच बसते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत सुटले होते. ती माझ्यापेक्षा सरळ कापते, हे मात्र अजून तिला सांगितलेलं नाही. तर निघाल्यापासून पाऊस लागला तो लागलाच. तळ्याच्या अलीकडे रस्त्यावर पाणी चढलेलं. ड्रायव्हरने एका टेकडीच्या पायथ्याशी बस उभी केली, पाणी उतरायला दोन तास लागतील असं सांगितलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपून गेला. टेकडीवर तीन देवळं होती. पहिलं गणपतीचं, मधलं महादेवाचं आणि अगदी माथ्यावर देवीचं. मुली म्हणाल्या, बसमध्ये वाफ खात बसण्यापेक्षा वर जाऊ. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणाले, सगळ्यांच्या आधी मी पोचते. वय सदुसष्ट, पायात साध्या चपला, आणि छत्री पहिल्याच वळणावर उलटी झाली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

गणपतीच्या ओसरीत मुली डबे उघडून बसल्या. मी बसले नाही, पुढे निघाले. गेली तीन वर्षं मी कुठेही गेले की पुढेच चालते. पुढे चालणाऱ्याशी कुणी बोलत नाही. महादेवाला बाहेरूनच हात जोडले तोवर मागे धुकं उतरलं होतं. देवीच्या देवळाशी पोचले तेव्हा मागे एक माणूस दिसेना. देऊळ लहानसं, पुढे पत्र्याची शेड आणि एक छोटी पितळी घंटा. आत पुजारी समईच्या वाती सारख्या करत होते. मी चपला काढल्या, पदर पिळला आणि घंटा वाजवली.

आवाज आला नाही. पुन्हा वाजवली, पुन्हा नाही. मी पुजाऱ्यांना सांगितलं, घंटा बिघडलीय, आतला लोलक गेला वाटतं. चाळीस वर्षं मशीनं उघडणारी बाई, बिघाड ओळखणार नाही तर काय! ते हसून काहीतरी बोलले. मी नेहमीसारखी मान हलवली. मग लोलक बघायला म्हणून दुसरा हात घंटेच्या कडेला लावला, तर घंटा थरथरत होती. भरधाव चाललेल्या मशीनवर तळवा ठेवावा, तशी कोपरापर्यंत. लोलक जागेवर होता. मी हात काढला आणि पुन्हा वाजवली, पुन्हा, पुन्हा. एकदा तरी ऐकू येईल म्हणून किती वेळ वाजवत राहिले, माहीत नाही. मी रडत होते. पुजाऱ्यांनी मला अडवलं नाही.

मग धुक्यातून मुली आल्या, त्या भलत्याच बाजूने. काय घडलं ते नंतर बसमध्ये सुनेने समोरच्या सीटवर उलटं बसून मला सांगितलं. महादेवानंतर त्यांच्या पायऱ्या चुकल्या. गुरांच्या वाटेने चालत त्या कड्याच्या बाजूला गेल्या होत्या. पुढचं पाऊल दिसेना, म्हणून जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि कुणीतरी ऐकेल म्हणून हाका मारत राहिल्या. तेवढ्यात घंटा सुरू झाली. थांबेचना. त्या आवाजाच्या रोखाने एकमेकींचे हात धरून वर चढल्या.

त्या माझ्याभोवती गोळा झाल्या, कुणी हात जोडले, कुणी मिठी मारली. बाईंनी आम्हाला वाट दाखवली, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मान हलवली की काम झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर मी तीन वर्षं काढली होती. पण सून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "मला घंटा ऐकू आली नाही. मला बरंच काही ऐकू येत नाही."

सगळ्यांत धाकटी मुलगी पुढे आली, माझ्या तोंडासमोर उभी राहिली आणि सावकाश बोलली, "बाई, आम्हाला माहीत आहे. तुमच्या समोर येऊन बोलायचं, हे पहिल्याच दिवशी सांगतात."

कोण सांगतं? सून. दोन वर्षं ती प्रत्येक नव्या मुलीला सांगत होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मशीनला कान लावल्याचं मी सोंग करते आणि बिघाड ओळखते ती तळव्याने, हेही वर्गभर माहीत होतं. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि सगळं घर बघत होतं. उतरताना सुनेने हात पुढे केला. मी धरला.

आता दोन्ही कानांत यंत्र आहे. आपला फ्रिज किती बडबड्या आहे, हे मला ठाऊक नव्हतं. वर्गात गेले तर तुझ्या मशीनचं चाक कुरकुरत होतं. मी त्याला तेल घातलं.

आणि तो फोन. मला फक्त तुझा तुटक तुटक श्वास ऐकू येत होता. तुझं तेव्हा तिथल्या घरमालकाशी महिनाभर भांडण चाललं होतं. मला वाटलं, जागा सुटली एकदाची आणि तू हसतेयस. तू हसलीस की मी हसायचं, ही चाळीस वर्षांची सवय. तू रडत होतीस. पंधरा दिवसांनी एका जुन्या मुलीकडून मला खरं कळलं. एका वाक्यात सगळं उलगडलं असतं, पण तुझ्या नजरेत दगड ठरले तरी चालेल, बहिरी ठरायला नको, असं मला वाटलं. तुझ्या दुःखापेक्षा मला माझी ऐट मोठी वाटली. ऐकू आलं नाही याची माफी मागत नाही, ते माझ्या हातात नव्हतं. आठ महिने गप्प बसले, त्याची मागते.

आता घाई कशाची ते सांगते. वीस मुलींना, सुनेला, त्या पुजाऱ्यांनासुद्धा माझं गुपित माहीत होतं. एक तुलाच नव्हतं, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते. नको असेल तर दोन ओळी लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर अजून नीट जमत नाही, आणि तू नको म्हणालीस तर ऐकलंच नाही असं म्हणून मी खुशाल येईन. भावजी सकाळी गेले की दुपारी, तू जवळ होतीस का, काही बोलले का, मला यातलं काहीच माहीत नाही. तू सांगितलंस ते माझ्यापर्यंत आलंच नाही. मी तुझ्यासमोर बसेन. मला पुन्हा सांग, अगदी पहिल्यापासून.

तुझीच,
कात्री