ल्युसिएनचा वाटा आमच्या उत्पन्नात न धरण्याबाबत

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
आरोग्य विमा अपील कक्ष,
मेन राज्य

विषय : मयत दिराच्या सहीऐवजी दुसरा पुरावा ग्राह्य धरून मुलीचा राज्य विमा पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : मुलीचा विमा बंद झाल्याचे आपले जानेवारीतील पत्र.

महोदय,

मी, मारिएल मिशो, राहणार सेंट-ओव्हिद, आपणांस नम्रपणे कळविते की, माझी मुलगी ओदील ही दोन वर्षांची असून तिला झटके येतात. औषध वेळेवर गेले तर येत नाहीत. हे औषध तिला राज्याच्या बालविम्यातून मिळत होते. आमचे उत्पन्न मर्यादेबाहेर गेले म्हणून तो विमा बंद झाला.

१. उत्पन्न वाढलेले नाही. आमच्या खोऱ्यात बटाट्याच्या काढणीला सगळे घर उतरते, आणि मालक घरटी एकच चेक देतो, थोरल्याच्या नावाने. सासरे असताना त्यांच्या नावाने निघे, आता माझे पती रेआल यांच्या नावाने निघतो. काढणी संपली की रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो तिघा भावांत वाटला जातो. यंदाही तसाच वाटला. सरकारदरबारी मात्र तिघांची मजुरी एकट्या रेआलची झाली. चूक आमची आहे. इकडे ती कोणाला चूक वाटत नाही, इतकेच.

२. आपल्या पत्राप्रमाणे प्रत्येक भावाने आपला वाटा मिळाल्याचे सहीनिशी लिहून द्यायचे आहे. मधले दीर जील यांनी दिले. धाकटे ल्युसिएन डिसेंबरात लाकूडतोडीवर झाड अंगावर पडून वारले. त्यांच्याऐवजी कोर्टाने नेमलेल्या वारसाची सही चालेल असे समजले, पण तो कागद उन्हाळ्याआधी मिळत नाही. सासूबाईंनी तरी दोन ओळी द्याव्यात म्हणून मी गेले. त्या म्हणाल्या, "माझं पोर अजून मातीत गेलं नाही गं. थंडीनं गोठलेली जमीन वितळून खणता येईपर्यंत कबरस्तानाच्या कोठडीत पडून आहे ते. आणि तू त्याच्याकडे हिशेब मागायला आलीस?" मी परत आले. रेआल म्हणाले, "आण इकडे, मी करतो त्याची सही. शाळेत त्याच्या प्रगतिपुस्तकावर मीच करायचो." मी करू दिली नाही. अर्जाखाली शपथ आहे.

३. विमा बाजारातून योजना घ्यावी असे आपण सुचविले आहे. मुलगी दुपारी झोपते तेवढ्या वेळात मी त्या सगळ्या वाचल्या. सर्वांत स्वस्त त्या कांस्य योजनेचा हप्ता झेपेल, पण आधी हजारो डॉलर आमचे गेल्याशिवाय ती औषधाच्या बाटलीला हात लावत नाही. सुवर्ण योजनेत औषध पहिल्या दिवसापासून मिळते. तिचा हप्ता घरभाड्याहून मोठा आहे. रौप्य योजनेत खर्चाला सवलत आहे, ती कमी उत्पन्नवाल्यांना. आम्ही तसेच आहोत, फक्त कागदावर नाही.

४. बाटली तळाला गेली आहे. गेल्या आठवड्यापासून मी संध्याकाळचा डोस अर्धाच देते. डॉक्टरांना सांगितलेले नाही, आपणांस सांगते. गुरुवारी खुर्चीत बसून खाता खाता तिची मान मागे गेली. शुद्धीवर आल्यावर ती हातातला घास मलाच भरवू लागली.

५. आपल्या मदतकेंद्रातील बाईंना मी फोन केला. बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी विचारले, "नवरा त्याच घरात राहतो का हो? वेगळा राहत असता, वेगळा कर भरत असता, तर तुमच्या एकटीच्या पगारावर मुलगी आजच विम्यात बसली असती." मी म्हटले, राहतो. खोटे सांगवले नाही.

६. म्हणून ते खरे केले आहे. शनिवारी रेआल आपले कपडे आणि बूट घेऊन जील यांच्याकडे राहायला गेले. करही यंदा वेगळा भरणार आहेत. जील म्हणाले, "ये बाबा. बायकोनं घराबाहेर काढलेले पुष्कळ पाहिले, सरकारी नियमानं निघालेला तूच पहिला." कोणी हसले नाही. आमच्यात भांडण नाही, हे नोंदीत असावे.

तरी विनंती की, सोबतचे मालकांचे पत्र ल्युसिएन यांच्या सहीऐवजी ग्राह्य धरावे. तसे होणार नसेल, तर आम्ही वेगळे राहतो असे धरून ओदीलचा विमा सुरू करावा. दोहोंपैकी कोणत्याही कारणाने करा, पण या आठवड्यात करा.

एक खुलासा हवा आहे. रेआल रविवारी मुलीला भेटायला येतात. आले आणि जेवले, तर ते इथे राहतात असे धरले जाते काय, हे कृपया लेखी कळवावे. उत्तर नसल्याने या रविवारी मी त्यांचे ताट वाढले नाही. ते दाराशी उभे राहून मुलीला भेटले आणि गेले.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपली नम्र अर्जदार,
मारिएल मिशो
सेंट-ओव्हिद, ९ फेब्रुवारी

सोबत :
१. शेतमालकांचे पत्र, तिघा भावांच्या कामाबद्दल
२. जील मिशो यांचे सहीचे निवेदन
३. ल्युसिएन मिशो यांचा मृत्यूचा दाखला
४. माझे पती माझ्याजवळ राहत नाहीत याबद्दल शेजाऱ्यांचा दाखला