वलवणच्या शेवटच्या दोनशे मीटरबद्दल

तळेगाव दाभाडे,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप संगीताआत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सध्या सातच अंगं कामाची आहेत. आठव्याचं पुढे सांगते.) तुझे गुडघे कसे आहेत? काजूला मोहोर धरला का? आणि ओटीवरच्या आरशात तोंड बघायला येणारं ते माकड अजून येतं का? इकडे आई बरी आहे. बाबा बरे आहेत असं म्हणवत नाही, पण तब्येतीनं ठणठणीत आहेत. फोनवर तू "बरी आहेस ना? मग झालं" म्हणून ठेवून देतेस, आणि हे प्रकरण तेवढ्यात मावणारं नाही. म्हणून पत्र.

बातम्यांत दिवसभर सायकल शर्यतीतली आमची पडझड दाखवली ती तू पाहिली असशीलच. लाल गोल काढून, बाण मारून, वर भीतिदायक संगीत लावून. त्या गोलातल्या दोघींपैकी खालची मी. वरची आसावरी. तुला नेहमी प्रश्न पडतो, की या पोरी शंभर किलोमीटर लग्नाच्या वऱ्हाडासारख्या एका घोळक्यात येतात आणि शेवटी एकदम अंगात आल्यासारख्या का करतात. तर त्या अंगात येण्याला स्प्रिंट म्हणतात, आणि त्याचीच मला नोकरी आहे. नियम तसा एकच. एकदा सुटलं की आपली रेघ सोडायची नाही, नाकासमोर सरळ जायचं. (आईच्या मते हा नियम मी सायकल सोडून बाकी सगळीकडे मोडते.)

यंदा तिसऱ्या दिवसाची शर्यत देहूरोडहून निघून, मावळभर फिरून वलवणला संपणार होती. शेवटचा रस्ता सरळसोट, दोन्हीकडे बॅरिकेड, मागे माणसंच माणसं. बाबा सकाळी सातपासून घडीची खुर्ची टाकून पहिल्या रांगेत. तीनशे मीटर राहिले तेव्हा माझ्या पुढे आमच्याच संघातली हर्षदा होती. माझ्यासाठी वारा कापणं हे तिचं काम. दोनशेला ती बाजूला झाली आणि समोर मोकळा रस्ता! आत्या, तसा रस्ता मला तीन वर्षांत मिळाला नव्हता. गेल्या पाच शर्यती मी दुसरी आलेय आणि पाचही वेळा पहिली आली ती आसावरी. दरवेळी शेवटच्या वीस मीटरमध्ये कुठून तरी डाव्या हाताला उगवते. तिच्या सायकलचा आवाज मी झोपेतही ओळखते. त्या दिवशी तो आवाजच येईना. एवढ्यात सायकल आडवी झाली. मी आडवी, ती आडवी, मागच्या दोघी आमच्यावर, आणि पाचवी कुणी नवखी मुलगी जीव मुठीत धरून बाजूनं निघाली ती पहिली आली. (तिला ते पाच मिनिटं पटेना. पळून चालल्यासारखी सरळ धरणाकडे निघाली होती, माणसं धावत जाऊन तिला परत घेऊन आली.) माझं उजवं मनगट मोडलं, आसावरीचं डावं कॉलरबोन. बाकीच्या दोघी खरचटण्यावर सुटल्या.

आता इथून माझी शोभा ऐक. मी रस्त्यावर बसलेली, मनगट वांग्यासारखं सुजलेलं, आणि कुणीतरी तोंडासमोर माइक धरला. काय झालं? मी म्हणाले, "तिनं मला कोपर मारलं." विचारही केला नाही. जिभेवर जे आधी आलं ते बोलून गेले. पाच मिनिटांत ते सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं आणि बाबांनी तर ते कोरूनच ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी लोकांकडून चौदा व्हिडिओ गोळा केले, त्यांची चित्रं छापून आणली आणि माझ्या शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक काढून आसावरीच्या कोपराचा कोन मोजला. एकेचाळीस अंश. (माझ्या कोपराचा मोजला नाही. वेळ मिळाला नाही म्हणाले.)

दुसऱ्या दिवशी कुसगावच्या एका हॉटेलात सुनावणी. हॉल संध्याकाळी बारशाला दिलेला होता, त्यामुळे मुख्य पंच सुहाससर गुलाबी फुग्यांच्या खाली बसलेले आणि शेजारी फुलांनी सजवलेला रिकामा पाळणा. त्याच्यापुढे आमचं भांडण. आमचे व्यवस्थापक म्हणाले आसावरीची चूक. तिचे म्हणाले माझी. दोघं मिळून म्हणाले रस्त्याची. रस्त्याचे साहेब म्हणाले वाऱ्याची. बाबांनी चौदा चित्रं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. खरा पुरावा द्यायचा तो शेवटच्या रेषेवरचा कॅमेरा, पण नेमक्या क्षणी स्वागताची कमान वाऱ्यानं त्याच्यापुढे डुलली होती, त्यामुळे त्यात जाहिरातीशिवाय काही नव्हतं. आसावरी गळ्यातल्या झोळीत हात अडकवून बसलेली. एकदाच बोलली. "मी सरळ येत होते, सर."

मग सुहाससरांनी भामाबाईंना बोलावलं. वरच्या वाडीवरून बोरं-चिंचा विकायला येतात त्या. बॅरिकेडला टेकून, आमच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. पाटी बाहेर ठेवायला तयार नव्हत्या, म्हणून पाटीसकट आत आल्या.

"मला तुमच्या शर्यतीतलं काय कळत न्हाई, सायेब," त्या म्हणाल्या. "पन कुनी कुनाला मारलं न्हाई. ही पोरगी फुडं व्हती आन् मान वळवून मागं बगत व्हती. मागं बगून फुडं कोन जातंय? मी डोईवर भारा घिऊन डोंगर उतरते, येकदा बी मागं बगत न्हाई."

बाबा ताडकन उठले. "बाई, तुम्ही नक्की हिलाच पाहिलंत का?"

"व्हय की. हिलाच. त्वांड बगा की तिचं, आता बी तसंच झालंय."

आत्या, सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझं तोंड खरंच तसंच झालं होतं. कारण मला आठवत होतं. रात्रभर आठवत होतं. आवाज येईना म्हणून मी डावीकडे मान वळवली होती. ती दिसली असती तर भीती वाटली नसती, दिसत नव्हती म्हणून वाटली. डावीकडे मान गेली तशी सायकलही गेली, आणि नेमकी तिथेच ती होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मी मागं बघितलं होतं. रेघ मी सोडली. आणि काल माइकवर खोटं बोलले." तेवढ्यात वरचा कुठला तरी फुगा फुटला आणि सुहाससर खुर्चीतून उडाले. मला त्या दिवशीच्या घोळक्यात शेवटचा नंबर दिला. योग्यच दिला.

बाहेर आल्यावर मी आसावरीची माफी मागितली. ती म्हणाली, "तू वळली नसतीस तर मी तुला गाठलं असतं की नाही, ते आता कधीच कळणार नाही. मला हाडापेक्षा ते जास्त लागलंय." मग दोघी हॉटेलच्या पायरीवर बसून रडलो. भामाबाईंनी आमच्यापुढे मूठभर बोरं ठेवली आणि बिया रस्त्यात टाकू नका म्हणून बजावून गेल्या.

असो. कामाचं असं काही नाही, सहज लिहिलं. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
नीरजा

ता. क. : एक छोटंसं काम आहे. बाबांनी राज्य संघटनेकडे सात पानी अपील लिहिलंय. आसावरीवर सहा महिने बंदी घाला म्हणून. माझी कबुली ग्राह्य धरू नये, कारण ती डोक्याला मार लागल्यामुळे दिली आहे, असं त्यात आहे. (हेल्मेटला ओरखडासुद्धा नाही.) मंगळवारी टपालात टाकणार आहेत. माझं ऐकत नाहीत, आईचं त्यांनी कधीच ऐकलेलं नाही. तू मात्र "त्र्यंबक!" एवढंच म्हणालीस तरी अजून उभे राहतात. तेव्हा पत्र मिळताच फोन कर. पत्र उशिरा पोचेल, म्हणून याचा फोटो तुझ्या शेजारच्या प्रज्ञेशच्या फोनवर पाठवतेय. तो वाचून दाखवेल.

ता. क. २ : उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे हे सगळं मी सांगितलंय आणि आसावरीनं लिहिलंय. तिचं घर पार जळगावला, म्हणून हाड जुळेपर्यंत ती आपल्याकडेच आहे. बाबा रोज तिला स्वतः चहा करून देतात आणि तिच्यावर बंदी का घालायला हवी ते समजावून सांगतात. अपिलातलं शुद्धलेखन तिनंच तपासून दिलं.

ता. क. ३ : आत्या, नमस्कार. मी आसावरी. नीरजा औषध घ्यायला आत गेलीय, तेवढ्यात लिहिते. वरचं सगळं खरं आहे. रेघ तिनंच सोडली. पण काकांच्या अकराव्या चित्रात दिसतं तसं माझं कोपरही थोडं बाहेर होतं. एकेचाळीस अंश नसेल, पण होतं. हे काकांना एवढ्यात सांगू नका, नाहीतर अपील चौदा पानांचं होईल. फोटो मीच काढून पाठवतेय, म्हणून नीरजाला हे दिसणार नाही. तिला मीच सांगेन, तिचं प्लास्टर निघायच्या आत. नंतर तिचे दोन्ही हात मोकळे होतील.