थोरल्या वहिनींच्या खोलीचा गुलाबी

२६ एप्रिल १९३६, रविवार. रिठद.
दादाचं दुसरं लग्न आठवड्यावर आलं. थोरल्या वहिनींना जाऊन वर्ष झालं, खोली तशीच आहे. आई म्हणाली, "गुलाबीच दे, पांढऱ्यात नवरी नाही नेत. पण तिचा होता तो नको." वहिनींनी तो स्वतः कालवला होता. रंग ठरवायचा मी, कारण शाळेत गेलेली मी एकटीच.

२७, सोमवार.
चुना मारायला सखूमावशी. भिजवलेल्या चुन्याच्या तीन वाट्या: एकीत चिमूटभर गेरू, दुसरीत दोन चिमटी, तिसरीत बाजारातली गुलाबी पुडी. दाराआड तीन पट्टे ओढले. तासभर पाहत बसले. मावशी: "काहून वं, भित रंगवून राह्यली का पोरगी पाहून राह्यली?" दादाला विचारलं. न बघताच, "तुले जमन तो कर."

२८, मंगळवार.
पहिला पट्टा जवळजवळ पांढरा. पुडीचा मिठाईसारखा. दुसरा जुन्याहून नक्की गडद. आईलाही पटलं. मावशीने आणि मी संध्याकाळपर्यंत चारी भिंती केल्या, खुंट्यांच्या मागेसुद्धा. कोनाड्याच्या आत कुंचा जाईना, तेवढं राहिलं.

३०, गुरुवार.
कोनाड्यात समई ठेवायला गेले. आतला जुना, बाहेरचा नवा. फरक नाही. बोट फिरवून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. तोच.
दाराआड ऊन येत नाही. पट्टा ओलसर असताना मी वाळला समजले. मावशी: "चुन्याचा रंग वाळताना दोन-तीन दिस उतरते, फिका होते. मले इचारायचं नव्हतं का?" उद्या मांडव, पुन्हा मारणं होत नाही. आईची नजर अधू, तिला कळलं नाही. मी सांगितलं नाही. विसरले असं नाही, सांगितलं नाही.
दुपारी दादा आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर फक्त पाणी मागितलं.

३ मे, रविवार.
नव्या वहिनी आल्या. माझ्याच वयाच्या. गळ्यात थोरल्या वहिनींच्या नावाचा चांदीचा टाक, गेलेल्या सवतीसाठी दुसरीने घालायचा तो; आईने पूजा करून घातला. पोतीत सारखा अडकतो.
भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "लई चांगला रंग हाय. अक्का, तुमी निवडला?"
हो म्हटलं.
मग टाक उचलून, "अन् ह्यांचा रंग कोणता व्हता?"
उद्या सांगते, म्हटलं. आता उद्या सांगावं लागेल.