एक पावसाळा थांबण्याची अट

मी, विजयमाला बबनराव गोटे, वय एकसष्ट, राहणार वाशीम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांना माझ्या हृदयाचा भरवसा वाटत नाही. बुद्धीबद्दल त्यांची तक्रार नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. मन मात्र स्वस्थ नाही.

१. राहते घर माझे धाकटे दीर उकंडराव यांना द्यावे. यजमान गेल्यावर त्यांनी मला एकटे पडू दिले नाही, हे मी विसरलेले नाही. मैदानावरच्या गोलामागचा लिंब मला न विचारता तोडला, हेही विसरलेले नाही.

२. अकोला रस्त्यालगतचे, पूर्वेस नाल्यापर्यंतचे माझ्या मालकीचे मैदान उकंडरावांना देऊ नये. ते वत्सगुल्म फुटबॉल क्लबला द्यावे. क्लबने ते विकू नये, गहाण टाकू नये.

हा क्लब यजमानांनी काढला. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथे सिस्टर फिलोमिना झगा सावरून आमच्याबरोबर चेंडूमागे धावत. लग्न होऊन इथे आले आणि मैदान पाहिले, तेव्हा माहेरचेच कोणी भेटल्यासारखे वाटले. यजमानांचे दोन नियम होते. नव्या खेळाडूने एक पावसाळा आमच्या चिखलात आमच्या मुलांबरोबर सराव करायचा, पगार त्यानंतर ठरायचा. आणि वर्षाचा पगार पेटीत जमा असल्याशिवाय कोणाला शब्द द्यायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात इतर क्लबांनी हात वर केले. आमच्या एकाही मुलाचा पगार थांबला नाही. चषकही एकही आला नाही, हे खरे आहे.

यंदा होळीला उकंडराव सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, मैदान इकू अन् कामठीचे चार गडी आणू. रूपलाले नागपूरवाले मांगून राह्यले. पैसे घेतल्याबिगर त्याले क्लबाची सोडचिठ्ठी द्याची नाही."

"तो काय बैल आहे, भाऊजी?"

"बैल असता तर पावसाळाभर तुमी त्याले चारा तरी घातला असता!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. रूपला आमचा सर्वांत चपळ खेळाडू, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. दोनच दिवसांपूर्वी त्याची आई सुंदरबाई माझ्या ओसरीवर बसून तेच बोलून गेली होती. "बाई, तुमी पोराले पारखलं, चांगलं केलं. पन तो इथं पावसाळाभर चेंडू खेळे, अन् मी एकलीच वावरात निंदाले जाओ. तवा तुमाले आमची चूल काहून नाही दिसली?"

३. म्हणून नियम राहावा, पण असा: जो पावसाळाभर थांबेल त्याच्या घरी क्लबने ज्वारी आणि डाळ पोचवावी. खर्च माझ्या पोस्टातील ठेवीच्या व्याजातून करावा. खेळाडू पुढे घेतला नाही तरी धान्य परत मागू नये.

४. मैदानाजवळची खोली पुंजाजीला तहहयात राहायला द्यावी. मोठ्या पगाराच्या आशेने तो परगावच्या क्लबात गेला, गुडघा मोडला, आणि त्यांनी त्याला एस.टी.त बसवून परत पाठवले. आता तो आमच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो. जाऊ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पुंजाजीचे उदाहरण देत आले. रूपलालाही दिले. तो म्हणाला, "मावशी, पुंजाजीकाका पडले म्हनून मी धावूच नाही काय?"

५. जाणाऱ्या खेळाडूच्या सोडचिठ्ठीचे पैसे घेऊ नयेत. त्याचे बूट त्याला द्यावेत. एक पावसाळा त्याची जागा आणि पगार राखून ठेवावा. आम्ही त्यांना पारखतो, तर त्यांनाही परके गाव पारखू द्यावे. रूपलाची चिठ्ठी मी आजच सही करून दिली आहे.

६. शिलाई मशीन सुंदरबाईला द्यावे. खेळाडूंच्या बनियनींवरचे आकडे माझ्यापेक्षा तिचे सरळ येतात.

७. यजमानांची पितळी शिट्टी मला रूपलाला द्यायची होती. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार; आणि वकील म्हणतात, साक्षीदाराला त्यातून काही घेता येत नाही. मी त्याला म्हटले, "मग सही दुसरा कोणी करील." तर म्हणाला, "नाही मावशी. मी काही घेतलं तर उकंडकाका म्हनतील, पोट्ट्यानं बुढीकडून लिहून घेतलं. मंग मैदान जाईन. सहीच करतो."

तेव्हा शिट्टी क्लबच्या पेटीत ठेवावी. येता पावसाळा सरेपर्यंत, रूपलाची जागा राखलेली आहे तोवर, ती कोणी वाजवू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमचे जुने गोलकीपर देवमन इंगोले गुरुजी यांनी करावी. चेंडू येण्याआधीच पुढे झेपावण्याची त्यांना सवय नाही, म्हणून त्यांना निवडले. वर लिहिलेले सर्व मी खालील दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

विजयमाला बबनराव गोटे

साक्षीदार:
१. देवमन पुंडलिक इंगोले, शिक्षक, राहणार वाशीम
२. रूपला रामधन राठोड, खेळाडू, राहणार वाशीम; उद्यापासून नागपूर

वाशीम, १९ मे १९७५