एकशे चाळीस गावांचं पाणी

४ ऑक्टोबर १९८२, शॉमबर्ग (शिकागोजवळ)

लागली एकदाची नोकरी! अमेरिकेत येऊन तीन महिने नुसती भांडी घासली आणि टीव्ही बघितला. आज नवऱ्याने, शैलेंद्रने, ऑफिसच्या दारात सोडलं तेव्हा शाळेचा पहिला दिवस असल्यासारखं वाटलं. चौथा मजला, खिडकीजवळचं टेबल, खाली पार्किंग लॉट, पलीकडे लाल झालेले मेपल. मालक नरेंद्र काका वीस वर्षांपूर्वी सांगलीहून आलेले. ऑफिसात नुसतं नरेंद्र म्हण असं त्यांनी बजावलं, पण माझ्या तोंडून काकाच निघतं.

काम अगदी माझ्या आवडीचं. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात (नाव कुठे लिहायचं नाही, तशी अट आहे) लष्कराची राजवट जाऊन तीन वर्षांपूर्वी निवडून आलेलं सरकार बसलं. त्याने एकशे चाळीस गावांना बोअर आणि हातपंपाचं वचन दिलं होतं. ते पुरं झालं का हे तपासून दाखला द्यायचा. यवतमाळला भूजल खात्यात सहा वर्षं हेच तर केलं. तिथे जीपमधून हिंडत होते, इथे टेबलाशी बसून.

१२ ऑक्टोबर

गावोगावची तपासणी तिथला जिल्हा निरीक्षक लामिन सेसे करतो. मोटरसायकलवर हिंडतो आणि रोज टेलेक्सवर आठ-नऊ गावांची एकेक ओळ पाठवतो. मशीन खडखडलं की मी धावत जाते. गावाचं नाव, खोली, पाणी आहे की नाही. शेवटी नेहमी विचारतो, तुमच्याकडे पाणी कसं आहे? मी पहिल्याच दिवशी कळवलं, भरपूर, नळ सोडला की येतं. तेव्हापासून रोज तोच प्रश्न, रोज माझं तेच उत्तर. न पाहिलेला माणूस ओळखीचा झालाय.

बातम्या मात्र चांगल्या नाहीत. बऱ्याच गावांत सिमेंटचा ओटा आहे, वर निळा पंप आहे, खाली बोअरच नाही. खासदाराने फीत कापली त्या दिवशी टँकर आणून पंपातून पाणी काढून दाखवलं. बायका पुन्हा नऊ मैलांवरच्या ओढ्यावर जातात. आजपर्यंत साठ गावं झाली. पाणी फक्त अकरा ठिकाणी.

२५ ऑक्टोबर

यादी संपली. एकशे चाळीसपैकी एकशे अठरा कोरडी.

काकांनी केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत, उलट स्वतः चहा करून दिला. म्हणाले, ही लोकशाही तीन वर्षांचं मूल आहे. पुढच्या वर्षी निवडणूक. आपण असा रिपोर्ट दिला तर लष्करवाले तोच झेंडा करून परत येतील, आणि राहिलेल्या बोअरचा दुसरा टप्पाही बंद पडेल. मी म्हटलं, पण काका, पाणी नाहीये तिथे.

"आज नाहीये. तू सही केलीस तर उद्या येईल. नाही केलीस तर कधीच येणार नाही."

मी सही केली. सर्व एकशे चाळीस गावांत पिण्याचं पाणी उपलब्ध. खाली माझं नाव, माझी पदवी.

घरी आल्यावर शैलेंद्रला सांगितलं नाही.

२९ ऑक्टोबर



दुपारी लामिनची बहीण ऑफिसात आली. मारियामा. शिकागोत नर्स आहे. भावाची काही कागदपत्रं आमच्याकडे असतील तर हवी होती. मी उत्साहाने म्हटलं, तुमचा भाऊ फार चांगलं काम करतो. ती सावकाश म्हणाली, तो नऊ सप्टेंबरला गेला. खासदाराच्या माणसांनी मारलं. अर्धवट खणलेल्या बोअरच्या खड्ड्यात सापडला.

मी तर चार ऑक्टोबरला रुजू झाले.

टेलेक्सची फाईल तिच्यापुढे ठेवली. तिने तीन-चार कागद वाचले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मला प्रत्येक पत्रात हेच विचारायचा, म्हणाली. तुम्ही काय उत्तर दिलंत?

तिने फाईल नेली नाही. हात पुसत निघून गेली.

१ नोव्हेंबर

काका म्हणतात, कोणीतरी चेष्टा करतंय. मशीन बंद करायला सांगितलं. मी स्वतः प्लग काढला.

तीन वाजता ते खडखडलं.

गाव क्रमांक १४१. यादीत एकशे चाळीसच आहेत. नावाच्या जागी आमच्या अपार्टमेंटचा पत्ता. पंप : आहे. पाणी : नाही. खाली प्रश्न नाही.

२ नोव्हेंबर

नळाला पाणी नाही. शैलेंद्रला हाक मारली. त्याने नळाखाली हात धरला, ओंजळीने तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं. मला काहीच दिसलं नाही. कोरडा हात, कोरडा चेहरा.

त्याने ग्लास भरून दिला. पी ना, म्हणाला. ग्लास रिकामा होता. तोंडाला लावला. काच लागली, नुसती काच.

४ नोव्हेंबर

गुरुदत्त काका, आमचे डॉक्टर, घरी येऊन तपासून गेले. रक्त, लघवी सगळं नॉर्मल. शरीरात पाणी भरपूर आहे म्हणाले. तसं कागदावर लिहून सही केली.

जीभ टाळूला चिकटते. वरणाचा नुसता पिवळा भुगा दिसतो. शैलेंद्र समोर बसून मला चमच्याने काहीतरी पाजतो आणि म्हणतो, बघ, प्यायलीस की. मी त्याला कसं सांगू —

६ नोव्हेंबर

पहिला बर्फ पडला म्हणे. पोरं पार्किंग लॉटमध्ये ओरडत होती. खिडकीतून मला नुसतं वाळकं गवत दिसत होतं. खाली जाऊन हात पसरून उभी राहिले. पोरं माझ्या हाताकडे बघून हसत होती. हातात काहीच नव्हतं.

शैलेंद्रला सगळं सांगितलं. सहीसकट. तो म्हणाला, सही मागे घे.

८ नोव्हेंबर

सही मागे घेता येईल का, असं नरेंद्र काकांना विचारलं. म्हणाले, रिपोर्ट पोहोचला. तिथल्या संसदेत टाळ्या वाजल्या. आता विषय संपला. तू रजा घे.

रडू आलं. डोळ्यांतून काही आलं नाही.

१० नोव्हेंबर, सकाळ

शैलेंद्रने ऑफिसात आणलं. गाडीत थांबलाय. अजून कोणी आलेलं नाही. तिथल्या संसदेच्या पाणी समितीचा टेलेक्स नंबर फाईलमध्ये मिळाला. प्लग लावला. एकेक गाव टाइप करतेय. नाव, खोली, पाणी : नाही. माझा दाखला खोटा आहे असं सुरुवातीलाच लिहिलं.

चाळीस झाली. बोटं फुटलीत. रक्त येत नाही.

सत्तर. घसा —

एकशे दोन. काका आले. ओरडत नाहीत. दारात उभे आहेत. बंद कर म्हणतात. मी टाइप करतेय. थांबले की इथे लिहिते, नाहीतर वेड —

एकशे अठरा. गेलं. सगळं गेलं.

काका पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी गेले. कागदी कप खाली धरला. कपात बघतायत. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा बघतायत. मला विचारतायत, पोरी, कूलर कोणी रिकामा केला?

कूलर भरलेला आहे. मला दिसतोय. निळसर, काठोकाठ. कपातून पाणी सांडून त्यांच्या बुटांवर पडतंय आणि ते —

मी उठते. आधी पिऊन घेते. काकांनी माझा हात धरलाय, घट्ट, सोडत नाहीयेत, म्हणतात तुला दिसतंय ना, मग मला —