कडू थेंब

दतिया गेट, झाँसी
१४ नोव्हेंबर

चि. विद्याधर,

अनेक आशीर्वाद. मोठ गावची हवा मानवली का? बँकेचं ऑडिट लांबलं म्हणे. जेवण डब्याचं आहे की ढाब्याचं, ते कळव.

हे मोबाइलला सांगून लिहिते आहे. तुझ्या लेकीने, ईशाने, त्यात मराठी घालून दिली आणि आता तो तिच्यापेक्षा बरी मराठी लिहितो. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

घरी सगळं ठीक. रियाज चालू आहे. फक्त सकाळी षड्ज लावते तेव्हा घसा कडू असतो. तू गेल्यापासून.

बुबुळाचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या डोळ्यांत औषध तूच घालायचास, दुसऱ्या कुणाला बाटलीला हात लावू द्यायचा नाहीस. मी ते सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. तू गेल्यावर ती बाटली संपत आली म्हणून शशिकलाने दुकानातून नवी आणली. पहिल्याच थेंबानंतर घशात कडू चव उतरली. मला वाटलं, ही भलतंच औषध घेऊन आली. खरं सांगते, संशय आधी तुझ्या बायकोवरच गेला.

"वन्सं, तीच आहे. डब्बा वही है," ती म्हणाली. तरी मी तिला घेऊन दुकानात गेले.

"बहनजी, ये दवा तो कड़वी ही होती है," दुकानदार म्हणाला. "आँख से गले में उतरती है."

घरी येऊन तुझ्या बाटलीत उरलेल्यातला एक थेंब जिभेवर घेतला. पाणी होतं. शशिकलानेही चाखून पाहिलं आणि भाजी निवडायला बसली.

बाटलीत पाणी भरणाऱ्याच्या डोळ्यांत हे औषध कधी पडलं नाही, त्याला त्याची चव कुठून ठाऊक असणार?

तेव्हापासून मागचं एकेक आठवतं आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, "दवा रोज डाल रहे हैं न? नई पुतली धुँधली क्यों हो रही है?" माझ्याआधी तूच हो म्हणालास. छावणीतल्या मैफलीनंतर कुणीतरी विचारलं, दीदी को दिखने लगेगा? तू म्हणालास, "फिर सुनने कौन आएगा?" सगळे हसले, मीही हसले. 'प्रज्ञाचक्षू अलकनंदा' हे नाव पत्रिकेवर तूच घातलंस, कार्यक्रमही तूच ठरवतोस. पण लोक माझं गाणं ऐकायला नाही, मिटलेले डोळे बघायला येतात असं तुला वाटत असेल, हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. राग आला. त्याहून जास्त भीती वाटली.

कदाचित तुलाच कुणी फसवलं असेल. तसं असेल तर सांग, मी मानेन. मानायची फार इच्छा आहे.

मंगळवारी तपासणीला शशिकला बरोबर येते आहे. औषध आता तीच घालते. काल ती दारात उभी होती तेव्हा तिच्या साडीचा लाल रंग मला दिसला. तिलाही हे अजून बोलले नाही, आधी तुला सांगते आहे. सवय झाली आहे ना.

गोवरात माझे डोळे गेले तेव्हा तू जन्मायचा होतास. ऑपरेशनला मी हो म्हणाले ते तुझा चेहरा बघायचा म्हणून. आलास की उजेडात, माझ्यासमोर बस. मग काय ते सांग.

तुला अजून न पाहिलेली,
ताई